बिअर खपतेय, म्हणून जव पेरू का?

प्रश्न : काका, नमस्कार. मी फलटण तालुक्यातला, वय २७. घरची सात एकर जमीन. नीरा उजव्या कालव्याच्या पाळीवर दोन एकर ऊस, बाकीच्यात रब्बीला गहू आणि हरभरा. घरी तीन गाई आहेत. दसऱ्यानंतर गावात एक जण आला होता. म्हणाला, देशात बिअरचा खप दरवर्षी वाढतोय, माल्टसाठीचा जव कमी पडतोय, कंपन्या शोधत फिरतायत. बियाणं तो देणार, १२० रुपये किलोने, एकरी ४० किलो. माल ३,५०० रुपये क्विंटलने उचलायची हमी. माझा एक मित्र वाळूजला बिअरच्या कारखान्यात आहे. तोही म्हणतो, उन्हाळ्यात तिन्ही पाळ्या चालतात. वडील नको म्हणतायत. इंटरनेटवर पाहिलं तर कुणी लिहितं मागणी वाढतेय, कुणी लिहितं जगभर बिअर कमी होतेय. पाच एकर जव पेरू का? सोमवारी त्याला बियाण्याचे पैसे द्यायचे आहेत.

उत्तर :

तू काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेतच लिहितो. बावीस वर्षं मी राजस्थान आणि हरियाणाच्या बाजारांत माल्टसाठी जवाची खरेदी केली. श्रीगंगानगर, हनुमानगढ, जयपूरच्या आजूबाजूच्या मंड्या, मार्च-एप्रिलचं ऊन, पोत्यात खुपसायची परखी आणि तळहातावर घेतलेले दाणे, यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे तुझं पत्र वाचल्यावर दुसरी पत्रं बाजूला ठेवली.

सोमवार जवळ आहे म्हणून उत्तर आधी सांगतो. पाच एकर पेरू नकोस आणि बियाण्याचे पैसे देऊ नकोस. वडील बरोबर सांगतायत. आता का, ते नीट समजून घे, कारण हा माणूस गेला तरी पुढच्या वर्षी दुसरा येईल आणि त्याच्याकडे याहून चकचकीत कागद असतील.

तू वाचलेल्या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. भारतात बिअर वाढतेय आणि जगात ती थकलीय. पण या दोन्हींतून तुझ्या बांधावर काय पोचतं, हा प्रश्न वेगळा आहे.

आधी माल्ट म्हणजे काय ते बघ. तुझ्या आईने किंवा आजीने नाचणीचं सत्व केलं असेल. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. जवाचं माल्टही तसंच होतं, फक्त टनांनी. दाणा भिजवून ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास नेतात, चार-पाच दिवस गारव्यात मोड येऊ देतात, मग भट्टीच्या गरम हवेत वाळवून ओलावा चार-पाच टक्क्यांवर आणतात. मोड येताना दाण्यातली पाचकद्रव्यं जागी होतात. पुढे बिअर करताना तीच दाण्यातल्या पिठूळपणाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतात आणि त्या साखरेवर यीस्ट काम करतं. म्हणजे कारखाना तुझ्याकडून धान्य विकत घेत नाही, जिवंत बी विकत घेतो. घटस्थापनेला परडीत पेरलेलं धान्य उगवलं नाही तर घरात जशी कुजबुज होते, तशी माल्टच्या कारखान्यात शंभरातले पाच दाणे उगवले नाहीत तरी होते. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता एका बाटलीचा हिशेब कर. नुसत्या माल्टची बिअर करायची तर शंभर लिटरला साधारण १६-१७ किलो माल्ट लागतं. एक किलो माल्टला सव्वा किलोच्या थोडा वर जव. म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीमागे फार तर १३०-१४० ग्रॅम जव झाला. बावीस रुपये किलोने धरलास तर तीन रुपयांचा. दीडशे-दोनशेच्या बाटलीत शेतकऱ्याचे तीन रुपये! तेही पूर्ण माल्टच्या बिअरमध्ये. आपल्याकडे खपणाऱ्या पाच बाटल्यांतल्या चार स्ट्राँग बिअरच्या असतात आणि तिच्यात माल्टच्या जोडीला तांदळाची कणी, मका किंवा साखर पडते. तिथे जवाचा वाटा आणखी उतरतो. उरलेल्या पैशात सर्वांत मोठा वाटा सरकारी कराचा, मग काच, वाहतूक, दुकानदार, कंपनी.

हेच उलट्या बाजूने मोजून बघ. एकरी १५ क्विंटल जव निघाला तर त्यात जवळपास ११ हजार बाटल्या होतात. तुझे पाच एकर खपायला कुणीतरी ५५ हजार जास्तीच्या बाटल्या प्यायला हव्यात, आणि त्या बाटल्यांचा जव राजस्थानातून न येता फलटणहून यायला हवा. पहिलं होईल. दुसरं का व्हावं, याचं उत्तर त्या माणसाने तुला दिलेलं नाही.

देशात जव पिकतो साधारण १६-१७ लाख टन. निम्म्याच्या आसपास एकट्या राजस्थानात, बाकी बहुतेक उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, हरियाणा, पंजाबात. यातला माल्टला जातो तो चौथा ते तिसरा हिस्सा. उरलेला जनावरांच्या दावणीत, थोडा सत्तूत, भाकरीत. समजा एका वर्षात बिअर दहा टक्क्यांनी वाढली, जे फार चांगलं वर्ष म्हणायचं. तरी जव वाढून लागेल चाळीस-पन्नास हजार टन. तो पिकवायला पंधरा-सोळा हजार हेक्टर पुरेत. राजस्थानात जवाखाली काही लाख हेक्टर आहेत. तिथला शेतकरी मोहरी आणि गव्हातून थोडं क्षेत्र जवाकडे वळवतो आणि एका हंगामात ती वाढ भरून निघते. शिवाय पशुखाद्याला जाणाऱ्या ढिगातूनही चांगला माल वेचून घेता येतो. आम्ही तेच करायचो. भाव थोडा चढला की मंडीत माल्टजोगा माल आपोआप वर यायचा.

वाळूजच्या मित्राचं म्हणणंही खोटं नाही. पण त्या पाळ्या ज्या जवावर चालल्या तो कधीच विकत घेऊन झाला होता. माल्टवाले वर्षाची खरेदी कापणी झाल्या झाल्या, एप्रिल-मे-जूनमध्ये उरकतात आणि गोदामं भरून ठेवतात. ताजा जव काही आठवडे झोपलेला असतो, नीट मोड देत नाही, म्हणूनही तो मुरवावा लागतो. त्यामुळे मे महिन्यात ‘बिअरला उधाण’ अशी बातमी येते तेव्हा ती बाटली गेल्या वर्षीच्या जवाची असते. त्या बातमीवर नोव्हेंबरात पेरणी करणं म्हणजे दिवाळीनंतर आकाशकंदील विकायला बसणं.

आणि खप वाढतो किंवा पडतो, तो तरी कशाने? हवेने, तरुण लोकसंख्येने, हे खरंच. पण आपल्या देशात त्याहून जास्त राज्याच्या अबकारी धोरणाने. जानेवारी २०२५ मध्ये तेलंगणात देशातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने, युनायटेड ब्रुअरीजने, पुरवठाच थांबवला होता, कारण सरकारी महामंडळाकडची थकबाकी आणि वर्षानुवर्षं न वाढलेला खरेदी दर. फेब्रुवारीत सरकारने दर १५ टक्के वाढवले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बिअरवरच्या शुल्काचा विचार करायला समिती नेमली होती, कारण शुल्क वाढल्यावर विक्री आणि महसूल घटल्याची तक्रार होती. पुढे जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि बिअर त्यातून वगळली. तुझ्या मित्राच्या कारखान्याला त्याने हातभार लागला असेल. पण मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत जे मिळतं ते पुढच्या बैठकीत जाऊही शकतं, आणि तुझं पीक तेव्हा शेतात उभं असेल.

जगाचं थोडक्यात सांगतो, कारण तू विचारलंस. २०१३ च्या सुमाराला जगात वर्षाला १९७ कोटी हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) बिअर तयार होत होती. २०२३ ला ती १८८ कोटींवर होती. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि बिअर घटली. चीन सर्वांत मोठा. तिथे २०१३ ला सुमारे ५०.६ कोटी हेक्टोलिटर होती, ती २०२४ पर्यंत ३५ कोटींवर आली. जर्मनीत २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत विक्री ४०० कोटी लिटरच्या खाली गेली, १९९३ पासूनच्या नोंदींत पहिल्यांदाच. अमेरिकेत गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत ‘आम्ही दारू पितो’ म्हणणारे ५४ टक्के निघाले, आजवरचा नीचांक. तिथे छोट्या ब्रुअरींची, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यांची, लाट आली तेव्हा माल्टवाल्यांचे दिवस पालटले होते, कारण त्यांच्या क्राफ्ट बिअरला मोठ्या कंपन्यांच्या हलक्या लागर बिअरच्या तिप्पट-चौपट माल्ट लागतं. आता २०२४ मध्ये तिथे नव्या उघडलेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या. म्हणजे खप लिटरने जेवढा पडतो, त्याहून जास्त जवाने पडतो. मोंटाना, आयडाहो इथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या बिअर कंपन्यांच्या करारावर जव पेरत आले आणि आता करारांचे एकर कमी होतायत. अमेरिकेतलं जवाचं क्षेत्र २०२५ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेलं.

बिनअल्कोहोलची बिअर मात्र वाढतेय आणि तिला माल्ट लागतंच. त्यामुळे जवाचा बाजार उद्या संपणार आहे असं मी म्हणत नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट मला तुला जरूर सांगायचीय. तिथल्या जवाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीन. मे २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन जवावर ८०.५ टक्के शुल्क लावलं. कारण राजकीय मानलं गेलं. तेव्हा पेरणीचा हंगाम चालू होता, लोकांचं बी जमिनीत पडत होतं. एका रात्रीत ते गिऱ्हाईक गेलं. चीनमधले लोक बिअर पीत होतेच, जव कॅनडा, फ्रान्स, अर्जेंटिनातून यायला लागला. ऑस्ट्रेलियाचा माल्टयोग्य जव बराचसा सौदीच्या उंट-मेंढ्यांच्या खाद्यात गेला. शुल्क उठलं ऑगस्ट २०२३ मध्ये, तीन वर्षांनी. तो शेतकरी तगला, कारण माल्टला नाही तर जनावराला, असा दुसरा दरवाजा त्याच्याकडे होता. भाव पडला, पण माल कुजला नाही.

तुझ्या पत्रातला खरा प्रश्न इथे आहे. माल्टचा जव पेरणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचं ते हे की माल नापास झाला तर कोण घेईल. हनुमानगढच्या शेतकऱ्याकडे उत्तर आहे : त्याच मंडीत पशुखाद्याचा व्यापारी बसलाय, दोन-तीनशे रुपये कमी देईल, संध्याकाळी पैसे हातात. फलटणला कोण आहे? आपल्याकडचा पशुखाद्याचा सगळा व्यवहार मका, सरकी पेंड, गव्हाचा भुसा यांवर चालतो. बाजार समितीच्या फळ्यावर जवाचा भाव लिहिलेला तू कधी पाहिलायस का? सातूचं, म्हणजे जवाचंच, पीठ म्हणून आपण उन्हाळ्यात जे गुळाच्या पाण्यात कालवून पितो, त्यातही आता बहुतेक घरांत गहू आणि डाळवं असतं, सातू नावापुरता उरला.

आणि नापास होण्याची शक्यता आपल्याकडे थोडीथोडकी नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाला मी स्वतः जव पेरायला लावला. संगमनेर तालुक्यात त्याची विहीर बागायत. तेव्हा मला वाटायचं, राजस्थानला जे जमतं ते आपल्या माणसाला का जमू नये. दोन ओळींच्या, म्हणजे ओंबीवर दाण्यांच्या दोनच ओळी धरणाऱ्या वाणाचं बियाणं मीच पाठवलं. पेरणी व्हायला हवी होती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. कांद्याच्या लागवडीत मजूर अडकले आणि ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यावर गेली. पीक दिसायला सुरेख होतं. मध्ये थोडं पिवळं वाटलं म्हणून त्याने गव्हाला टाकतात तसा युरियाचा आणखी एक हात दिला. फेब्रुवारीत ओंब्या भरत असताना ऊन तापलं. दाणा घाईने पिकला.

अठ्ठावीस क्विंटल झाला. उत्तरेकडे परतणाऱ्या एका ट्रकमध्ये जागा बघून आम्ही तो एका माल्टच्या कारखान्याला पाठवला. गेटवर नमुना काढला. अडीच मिलीमीटरच्या चाळणीवर दोन ओळींच्या जवाचा ९० टक्के दाणा थांबायला हवा, त्याचा निम्म्याच्या आसपास खाली गेला. प्रथिनं ११-१२ टक्क्यांच्या आत हवीत, ती १३ च्या वर निघाली. प्रथिनं वाढली की पिठूळपणा घटतो, बिअर गढूळ होते, कारखाना घेत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. माल बाहेरच्या मंडीत जनावराच्या भावाने विकला. भाडं, हमाली, अडत जाऊन भावाच्या हातात जे आलं त्यात खताचा खर्चही निघाला नाही. तो मला एक शब्द बोलला नाही. मावशी मात्र पुढच्या भाऊबीजेला म्हणाली, ‘तुझ्या शब्दावर पेरलं रे त्याने.’ ते अजून कानात आहे, आणि तुला एवढं लांबलचक लिहितोय त्याचं कारणही तेच.

तेव्हा चूक उशिराची होती, युरियाची होती, आणि सर्वांत मोठी म्हणजे जागेची होती. जवाला लांब थंडी लागते. दाणा भरताना गार रात्री मिळाल्या की तो टपोरा होतो. श्रीगंगानगरला मार्चच्या मध्यापर्यंत सकाळी अंगावर शाल घ्यावी लागते. आपल्याकडे फेब्रुवारी अर्धा झाला की पंखे सुरू. माल्टसाठी निघालेले वाण, डीडब्ल्यूआरयूबी ५२, डीडब्ल्यूआरबी १०१, डीडब्ल्यूआरबी १२३, आरडी २८४९, हे मुख्यतः उत्तर-पश्चिमेच्या मैदानासाठी तयार केलेले आहेत. यातले डीडब्ल्यूवाले कर्नालच्या गहू आणि जव संशोधन संस्थेचे, आरडीवाला राजस्थानचा. बिअर कंपन्यांनीही करार शेती तिकडेच उभी केली, एकीने पंजाबात, दुसरीने २००५ पासून राजस्थानात. गावोगाव त्यांची माणसं होती, बियाणं देत होती, पेरणीची तारीख बघत होती, युरियावर नजर ठेवत होती. माल्टचे कारखानेही तिथेच. तुझ्या बांधापासून ते बाराशे-चौदाशे किलोमीटरवर. क्विंटलमागे दोन-तीनशे रुपये भाडं सहज गेलं.

आता पैशाचा हिशेब मांड, कागदावर मांड आणि वडिलांसमोर मांड. २०२६-२७ च्या खरेदी हंगामासाठी जवाचा हमीभाव क्विंटलला २,१५० रुपये जाहीर झाला, गव्हाचा २,५८५, हरभऱ्याचा ५,८७५. एकरी १५ क्विंटल जव धरला तर हमीभावाने ३२ हजार होतात. १६ क्विंटल गहू ४१ हजार. ८ क्विंटल हरभरा ४७ हजार. बाजारात हरभरा हमीभावाखाली जातो हे मला माहीत आहे. पण घसरला तरी तो फलटणच्याच बाजारात विकता येतो, आणि राहिलेला गहू घरात खाता येतो. जवाचा फायदा एकच, पाणी. गव्हाला पाच-सहा पाळ्या, जवाला दोन-तीन पुरतात. पण दोन-तीन पाण्यांत हरभराही येतो आणि रानाला नत्र देऊन जातो.

३,५०० चा भाव कुठून आला ते सांगतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, जगभर धान्य भडकलं आणि राजस्थानात जव हमीभावाच्या कितीतरी वर गेला. बिअर कंपन्यांचे नफे त्या वर्षी जव आणि काचेने खाल्ले, कारण बऱ्याच राज्यांत बाटलीचा दर सरकार ठरवतं, तो वाढवता आला नाही. तेव्हाचे आकडे अजून लोकांच्या तोंडात आहेत. पण तो भाव युद्धाचा होता. बिअर पिणाऱ्यांनी तो वाढवला नव्हता आणि टिकवलाही नाही.

आणि त्या माणसाचा हिशेब बघ. पाच एकरांना दोनशे किलो बियाणं, १२० ने २४ हजार रुपये. उत्तरेत प्रमाणित बियाणं याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतं. तुझ्यासारखे वीस शेतकरी मिळाले की त्याचा धंदा नोव्हेंबरातच पूर्ण होतो. मार्चमध्ये त्याने परत यावं असं त्याला बांधणारं काय आहे? खरी माल्ट कंपनी बियाण्यावर कमवायला बसत नाही, तिला माल हवा असतो. बियाणं ती उधारीवर देते आणि मालाच्या बिलातून कापते.

मी चुकत असेन आणि माणूस सच्चा असेल, असं तुला वाटत असेल तर सोमवारी त्याला पैसे न देता प्रश्न दे. माल घेणाऱ्या कारखान्याचं नाव करारावर हवं, एजंटचं नव्हे. तपासणी कुठे होणार, शेतावर की चौदाशे किलोमीटरवरच्या गेटवर? चाळणीचे, प्रथिनांचे, ओलाव्याचे, उगवणीचे आकडे करारात लिहिलेत का? दाणा थोडा कमी भरला तर भाव किती कापणार, की पूर्ण गाडी परत? परत आली तर भाडं कुणाचं? नापास मालाला किमान भाव आहे का? बारदान कुणाचं? पैसे किती दिवसांत? ‘कंपनीच्या निकषांनुसार’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो करार नव्हे, ती सोडचिठ्ठी आहे, आधीच सही केलेली.

बियाण्याची पिशवीही उघडून बघ. प्रमाणित असेल तर निळी खूणचिठ्ठी असते, सत्यदर्शक असेल तर हिरवी. वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणक्षमता, तपासणीची तारीख त्यावर हवीच. विक्रेत्याकडे बियाणं परवाना हवा आणि पक्कं बिल हवं. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे एक चक्कर मार, बाजार समितीत किंवा सहायक निबंधकांकडे विचार की अशी कुणी करार शेतीची नोंद केलीय का. सच्चा माणूस यातल्या एकाही प्रश्नाने रागावणार नाही.

तू विचारलं नाहीस तरी एक शंका तुझ्या मनात येईल : बिअर सोडून माल्टला दुसरं गिऱ्हाईक? आहे. पंजाबात नाभ्याला हॉर्लिक्सचा कारखाना कितीतरी दशकं माल्टवर चाललाय. सिंगल माल्ट व्हिस्की गेल्या वीस वर्षांत जोरात आलीय, गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन तयार होते, बंगळुरूची अमृत तर २००४ पासून परदेशात नाव कमावून आहे. या व्हिस्कीवाल्यांना आपला सहा ओळींचा देशी जव चालतो, आवडतोही. पण घेतात तो उत्तरेतूनच. पुण्यात २००९ मध्ये देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे जागेवरच थोडी बिअर करून विकणाऱ्या ठिकाणांपैकी, एक सुरू झाली, आता तिथे बऱ्याच आहेत. त्यांचं माल्ट पुष्कळदा जर्मनी-बेल्जियमच्या पोत्यांतून येतं. त्यांना पोत्यात तयार माल्ट हवं असतं, तुझ्या शेतातला जव घेऊन ते काही करू शकत नाहीत. मधला माल्टचा कारखाना महाराष्ट्रात उभा राहत नाही तोवर पुण्याची बिअर फलटणपासून तितकीच लांब आहे.

तरीही तुला जव करून बघायचाच असेल, आणि वय २७ आहे, करून बघावंसं वाटणारच, तर असं कर. कालव्याच्या पट्ट्यात बहुतेकांच्या रानात एखादा तुकडा चोपण झालेला असतो, पांढरं फुटलेला, जिथे हरभरा धड उगवत नाही. जव खारवट जमीन गव्हापेक्षा चांगली सोसतो, हा त्याचा मोठा गुण आहे आणि त्याबद्दल कुणी एजंट बोलत नाही. तसा तुकडा असेल तर तिथे पाच-दहा गुंठे पेर. माल्टचा वाण नको. चारा आणि दाणा दोन्हींसाठीचा सहा ओळींचा वाण बघ, आरडी २७१५ सारखा. पन्नास-पंचावन्न दिवसांनी एकदा हिरवा कापून गाईंना घाल, मग पाणी आणि थोडा युरिया दे, फुटव्यावर दाणाही येतो. तो दाणा भरडून गोठ्यातच जाऊ दे. तीन गाई आहेत, गिऱ्हाईक शोधायला नको.

बाकीच्या रानात हरभऱ्याचा वाफसा आता येईल, तो चुकवू नकोस. आणि त्या माणसाने कराराचा कागद दिलाच तर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. मी वाचून त्याच दिवशी कळवतो.